मुख्य खलनायकाची भूमिका आली आहे. नोकरी, घर आणि ‘गुंडाचा साचा’ यांचं काय करू?

तुमचा प्रश्न बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडते. वय ३३. तालमीत घडलेलं शरीर, राकट चेहरा, एकांकिका स्पर्धांमधून वर आलेला नट. खासगी कंपनीतली नोकरी सांभाळून, रजा टाकून मालिका-चित्रपटांत गुंड, हवालदार, सरपंचाचा उजवा हात अशी कामं केलीत. आता एका रोजच्या मालिकेत मुख्य खलनायकाची भूमिका आली आहे. चित्रीकरण साताऱ्याकडे. भूमिका घ्यायची तर नोकरी सोडावी लागेल. बायको नको म्हणते. पहिलीतल्या मुलीला शाळेत पोरं ‘तुझा बाबा लोकांना मारतो’ म्हणतात आणि ती रडत घरी येते. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘ताई, आत्ताच हा साचा तोडला नाही, तर आयुष्यभर गुंडच राहीन का?’

मी बरीच वर्षं अभिनय शिकवते आणि कास्टिंगही करते. तुमच्यासारखे दणकट, बघताक्षणी धाक वाटेल असे नट माझ्याकडे नेहमी येतात आणि जवळपास सगळेच हा प्रश्न कधी ना कधी विचारतात. मला मात्र तुमच्या पत्रात साच्याचा प्रश्न सगळ्यात कमी निकडीचा वाटला. तिथे तीन वेगळे निर्णय एकमेकांत अडकलेत : नोकरी सोडायची का, ही विशिष्ट भूमिका घ्यायची का, आणि घरात काय बोलायचं. ‘साचा’ या एका शब्दाखाली तिन्ही ढकलले की कुठलाच सुटत नाही. काही गोष्टी मला इथे बसून सांगता येणार नाहीत : बायको कमावते का, घराचा हप्ता किती आहे, मुलगी स्वभावाने कशी आहे, भूमिका कागदावर कशी लिहिली आहे. ती उत्तरं तुमच्याकडे आहेत.

तरी साच्यापासूनच सुरुवात करते, कारण तो तुमच्या मनात बसलाय.

राकट चेहऱ्याला या धंद्यात काम लवकर मिळतं आणि ओळख उशिरा. कास्टिंगला बसलं की नीटनेटक्या, गोऱ्यागोमट्या पोरांचे फोटो ढिगाने असतात. पण आत शिरल्याबरोबर खोली गप्प होईल असा माणूस शोधायला दिवस जातात. तुमच्याकडे ते आहे. ते टाकून देऊन ‘आता मला हळव्या भूमिका द्या’ म्हणत घरी बसलेले नट मी पाहिलेत. फोन येणं थांबतं, एवढंच होतं. कुणाला काम द्यायचं हे ठरवताना आम्ही त्याच्या इच्छेकडे बघत नाही, त्याच्या शेवटच्या चांगल्या कामाकडे बघतो.

निळूभाऊंचं उदाहरण घ्या. निळू फुले १९६८ मध्ये ‘एक गाव बारा भानगडी’तून पडद्यावर आले. त्याआधी राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, ‘कथा अकलेच्या कांद्याची’सारखं लोकनाट्य, आणि पोटापाण्यासाठी पुण्यातल्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळीकाम. पुढे पाटील, सरपंच, चेअरमन असे बेरकी आणि निर्दयी पुरुष त्यांनी इतके रंगवले की गावोगावी बायाबापड्या त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या. याच काळात ते रंगमंचावर ‘सखाराम बाइंडर’ करत होते. मग ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील आला. आणि ज्या जब्बार पटेलांनी हिंदुराव करून घेतला, त्यांनीच १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये त्यांना दिगू टिपणीस दिला. सत्तेचा खेळ जवळून बघणारा, आतून पोखरला जाणारा पत्रकार. नाटकात जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मधला गांधीवादी अप्पाजीही त्यांचाच.

दिगू टिपणीस मिळवण्यासाठी त्यांनी पाटील नाकारले नव्हते. पाटलांची कामं ते इतक्या बारकाईने करायचे की जाणत्या दिग्दर्शकाला त्यातच दुसरा माणूस दिसला. आणि नाटक त्यांनी सोडलं नव्हतं, हे विसरू नका. पडदा एकच बाजू दाखवत होता तेव्हा बाकीच्या बाजू रंगमंचावर जिवंत होत्या. तुम्ही एकांकिकेतून आलात, मग गेल्या काही वर्षांत नाटक किती केलंत? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. मला साच्यापेक्षा ती काळजी जास्त वाटते.

आता कामाचं बोलते, कारण तुमचं भांडवल तिथेच वाढणार आहे. दरारा अंगातून येतो असं बहुतेक दणकट नटांना वाटतं. अंगाचा उपयोग पहिल्या काही सेकंदांपुरता. ‘अर्धसत्य’मधला (१९८३) रामा शेट्टी आठवा. सदाशिव अमरापूरकर अंगापिंडाने काही पहिलवान नव्हते. नगरचा, नाटकातून आलेला माणूस. पण तो शांतपणे बोलायला लागला की समोरच्या इन्स्पेक्टरचा संताप तोकडा वाटायला लागतो. हिंदुरावही तसाच. तो हाणामारी करत फिरत नाही. एका भणंग मास्तरला आसरा देतो, पाहुणचार करतो, आणि तो मास्तर मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं हे विचारत सुटतो तेव्हा हिंदुरावाच्या डोळ्यांत आधी भीती येते. आपण त्याला घाबरतो, कारण तो स्वतः कशाला तरी घाबरलाय आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात सत्ता आहे.

वर्गात मी दणकट मुलांना एक साधं काम देते. खुर्चीवर बसा. समोरचा उशिरा आल्याचं कारण सांगतोय. तुम्ही बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. जवळपास प्रत्येकाचं तेच होतं : जबडा आवळला जातो, मान तिरकी होते, नाकपुड्या फुलतात, मांडीवर मूठ वळते. मग मी हातात चहाचा कप देते आणि सांगते, ऐकता ऐकता वरची साय काढा. बोटाने साय बाजूला करताना जबडा आपोआप सुटतो, नजर कपात जाते, श्वास खाली उतरतो. समोरच्या नटाला मी काहीच सांगितलेलं नसतं, तरी तो अडखळायला लागतो. त्याला कळेनासं होतं की आपलं बोलणं ऐकलं जातंय की नाही. तो अडखळला की प्रसंग तुमचा झाला. हे घरी करून बघा, मोबाईलवर शूट करा आणि आवाज बंद करून बघा. मूठ दिसली की पुन्हा.

म्हणून ही भूमिका घ्यायची का, याचं माझं एकच माप आहे. लेखकाला किंवा मालिकेची गोष्ट ठरवणाऱ्या क्रिएटिव्हला विचारा : हा माणूस काय वाचवायला बघतोय? जमीन, इज्जत, मुलगा, जुनं एखादं पाप, काहीही असो. उत्तर मिळालं तर घ्या, कारण मग पहिल्या शंभर भागांनंतरही तुम्हाला करायला काही उरेल. ‘तो निगेटिव्ह आहे, बाकी ट्रॅक जसा जाईल तसं’ एवढंच ऐकू आलं, तर समजा की तुम्हाला रोज दार ढकलून आत यायचं आहे, नायिकेकडे बघायचं आहे आणि पार्श्वसंगीत वाजायचं आहे. तशी भूमिका पैशासाठी घ्यायला हरकत नाही, मीही घ्या म्हणेन. पण त्यासाठी नोकरी सोडू नका.

नोकरीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे.

अमरीश पुरींचा मोगॅम्बो सगळ्यांना ठाऊक आहे. तो माणूस राज्य कामगार विमा महामंडळात दोन दशकं नोकरी करत होता, हे कमी लोक लक्षात ठेवतात. पन्नासच्या दशकात स्क्रीन टेस्टला त्यांना नकार मिळाला. १९५७ मध्ये लग्न झालं, मुलं झाली. दिवसा कचेरी, संध्याकाळी नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबेंच्या तालमी. ‘निशांत’, ‘मंथन’, ‘भूमिका’ हे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातले चित्रपट, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावरचे. ‘मिस्टर इंडिया’ आला १९८७ मध्ये, तेव्हा ते पंचावन्नच्या उंबरठ्यावर होते. आणि आठच वर्षांनी ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मध्ये शेवटी मुलीचा हात सोडणारा बाप म्हणून लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. नोकरी होती म्हणून मधल्या वर्षांत पडेल ते काम घेण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. त्यांची मुलं वाढत होती त्या काळात घरात दरमहा पगार येत होता. नटाच्या घरात ही फार मोठी गोष्ट आहे.

तुमच्या बाबतीत हिशेब असा मांडा. मालिकेत पैसे दिवसाच्या हिशेबाने मिळतात आणि हातात साधारण ९० दिवसांनी येतात. म्हणजे पहिले तीन महिने तुम्ही काम कराल, साताऱ्याला राहाल, आणि घरी काहीच जाणार नाही. टीआरपी पडला तर मालिका काही महिन्यांत गुंडाळली जाते. मालिका चालली तरी खलनायक मध्येच तुरुंगात जातो किंवा दरीत पडतो. तेव्हा नोकरी सोडण्याआधी किमान सहा-आठ महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवलेला हवा, किंवा बायकोचा पगार घर ओढू शकेल एवढा हवा. दोन्ही नसेल, तर आधी कंपनीत बिनपगारी रजेचं विचारा. लोक हे विचारतच नाहीत, थेट राजीनामा खरडतात. तेही जमत नसेल तर निर्मात्याला महिन्याचे मोजके दिवस मागा. खलनायक रोज प्रत्येक प्रसंगात नसतो. चांगला प्रॉडक्शन कंट्रोलर तारखा एकत्र लावून देऊ शकतो, फक्त ते आधी ठरायला हवं. एकदा शूट सुरू झालं की तुमचं कुणी ऐकणार नाही.

शरीराचं थोडक्यात. वैयक्तिक अपघात विमा काढा, आजच. फाइट मास्टरने ‘होऊन जाईल’ म्हटलं तरी गादी, पॅड आणि तालीम याशिवाय पडू नका. उघड्या अंगाच्या शॉटसाठी पाणी पिणं बंद करण्याचं खूळ आणि जिममध्ये मिळणारी इंजेक्शनं, दोन्हींपासून लांब राहा. तेहेतिसाव्या वर्षी गुडघा गेलेला नट पुढे फक्त खुर्चीतला पाटील करू शकतो, आणि त्या खुर्चीसाठी रांग मोठी आहे.

आता घर. तुम्ही त्याला चार ओळी दिल्यात, पण रात्री अडीच वाजता प्रश्न लिहायला तुम्ही बसलात ते त्याच चार ओळींमुळे, असं मला वाटतं.

मुलीचं आधी. सहा वर्षांच्या मुलीला ‘ते खोटं असतं गं’ म्हणून पटत नाही, कारण तिने डोळ्यांनी पाहिलंय. तिला ते कसं खोटं असतं हे हाताने करून दाखवा. चापट कशी मारतात ते शिकवा. तिला समोर उभं करा, हातभर अंतर ठेवा. तुमचा हात तिच्या चेहऱ्यासमोरून, न लागता जाऊ द्या. हात समोर आला की तिने झटक्यात मान वळवायची. त्याच क्षणी आईने बाजूला उभं राहून टाळी वाजवायची, कारण आवाज त्या चापटीचा नसतो, तो वेगळाच दिला जातो. आईच्याच मोबाईलवर ते तुमच्या पाठीमागून शूट करा आणि तिला बघू द्या. मग भूमिका उलट्या करा, ती मारेल आणि तुम्ही कोलमडा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या आईबापांना मी हे नेहमी सांगते. ज्या मुलांना ही युक्ती हातात मिळते ती दुसऱ्या दिवशी वर्गात ती करून दाखवतात, आणि चिडवणाऱ्या पोरांना ती शिकायची असते. वर्गशिक्षिकेलाही एकदा शांतपणे भेटा. तुमचा आवाज आणि बांधा बघता मुद्दाम हळू बोला, आणि बायकोला बरोबर घेऊन जा.

दोन पथ्यं मात्र पाळा. तुम्ही बाईवर हात उचलता किंवा तुम्ही मरता, असे भाग मुलीला दाखवू नका. आणि ते प्रक्षेपित होण्याआधी घरात सांगा. शेजारच्या काकूंकडून कळता कामा नये.

बायको नको म्हणते, तर ती नेमकं कशाला नको म्हणते हे तुम्ही विचारलंय का? पत्रावरून वाटत नाही. पगार जाण्याला असेल, तर वरचा हिशेब तिच्यासमोर बसून, तिच्या हाताने मांडा. महिन्यातले वीस दिवस एकटीने घर आणि शाळा ओढण्याला असेल, तर मोजके दिवस मागणं हाच उपाय आहे आणि तो तुमच्या हातात आहे. अत्याचाराच्या किंवा लगटीच्या प्रसंगांना असेल, तर ते प्रसंग किती आणि कसे हे करारात आणता येतं, आणलंच पाहिजे. आणखी एक शक्यता आहे, जी बायका मला बाजूला घेऊन सांगतात : तो सेटवरून आला की तासन्‌तास तोच माणूस असतो. आवाज चढा, ताट आपटणं, ‘मला विचारल्याशिवाय का केलंस’. दिवसभर लोक घाबरतात, ‘सर’ म्हणतात, आणि ती सवय घरापर्यंत येते. तुमच्या घरी असं होतंय असं मी म्हणत नाही. पण तिला विचारा, आणि ती बोलेल तेव्हा मघाचा कपाचा सराव आठवा. साय काढा, ऐका.

ज्यांची मी उदाहरणं दिली, त्यांच्याकडे दराऱ्याच्या बाहेर स्वतःचं भक्कम काहीतरी होतं. निळूभाऊंकडे सेवा दल होतं, दांडगं वाचन होतं, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम होतं. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देता यावं म्हणून उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागू, निळूभाऊ, अमरापूरकर अशी मंडळी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत फिरली. लोक शिव्या घालत होते त्या पाटलाला, आणि तो पाटील घरी जाताना सेटवरच राहत होता, कारण घरी जाणाऱ्या माणसाला वेगळी ओळख होती. त्यांची मुलगी गार्गी पुढे स्वतः अभिनयात आली. बापाच्या कामाचा तिटकारा बसला असता तर ती या वाटेला कशाला आली असती? तुमच्याकडे तालीम आहे, नाटक आहे. नव्या पोरांना तालमीत आठवड्यातून एकदा शिकवत असाल, तर ते सोडू नका.

एक छोटी गोष्ट, मालिका लागली की लगेच समोर येईल म्हणून. दहीहंडी, जत्रा, दुकानाचं उद्घाटन, प्रचारसभा अशा सुपाऱ्या येतील. ‘जरा दमात दोन डायलॉग मारा’ म्हणतील. उद्घाटनं खुशाल घ्या, घर चालतं. पण कुणाच्या तरी वादाच्या जागेवर किंवा वसुलीच्या कामाला नुसतं उभं राहायलाही जाऊ नका, किती का पैसे मिळेनात. पडद्यावरचा धाक एकदा रस्त्यावर वापरला की घरच्यांना त्याची किंमत मोजावी लागते.

इथवरचं थोडक्यात : भूमिका घ्यावी की नाही हे ‘हा माणूस काय वाचवतोय’ या उत्तरावर ठरवा. नोकरी सोडायची की नाही हे घरखर्चाच्या महिन्यांवर ठरवा. साच्याची काळजी नाटकावर सोडा, वर्षाला निदान एक प्रयोगक्षम काम, ज्यात तुम्ही कुणालाही मारत नाही.

राहिला करार. तुम्ही लिहिलंय की पुढच्या आठवड्यात सही करायची आहे. त्यात या गोष्टी शोधा : महिन्याला किमान किती दिवसांची हमी, शिफ्ट किती तासांची आणि पुढे गेल्यास काय, साताऱ्यातलं राहणं-जेवण-प्रवास कुणाकडे, दुखापत झाल्यास उपचार कुणाचे आणि बसलेल्या दिवसांचे पैसे मिळणार का, धोक्याच्या प्रसंगाला तुमच्या जागी उभा राहणारा डबल आहे का, लगटीच्या प्रसंगांना तुमची आधी संमती लागते का, आणि मालिका चालू असताना नाटकाला परवानगी आहे का. हे शेवटचं कलम बहुतेक वेळा नसतंच. ते घालून घ्या, प्रयोगाच्या तारखा महिनाभर आधी कळवीन असं लिहून द्या, म्हणजे त्यांनाही अडचण राहत नाही. सिंटाचं, म्हणजे सिने-टीव्ही कलाकारांच्या संघटनेचं, सभासदत्व नसेल तर घ्या. पैसे अडकल्यावर एकट्याने निर्मात्याच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा मागे संघटना असलेली बरी. सही करण्याआधी कागद वकिलाला दाखवा, आणि रक्कम व नावं झाकून मलाही पाठवा. कलमं एकेक करून बघते.